रविवारचे दाणे

जिन्यात दुधाचे थेंब ठिबकत गेले होते, आणि त्या थेंबांचा माग काढत, हातात फडकं घेऊन, तळमजल्यावरचा घड्याळजी तिसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या पुसत आला होता.

"तुमची पिशवी गळतेय," तो म्हणाला.

"अगबाई... केफिर उपाशी राहणार आता."

"मांजर का?"

तिसऱ्या मजल्यावरची ती चष्म्यांच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायची. पण याच्या डोळ्यांत बघून खुदकन हसली. त्याला आत बोलावून तिने केफिरची बरणी दाखवली. फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे पांढरे, लिबलिबीत दाणे. ते दुधात घालायचे, वर कापड बांधायचं. दिवसाभरात दूध दाटसर, आंबूस होतं. ते गाळून आपण प्यायचं, दाण्यांना पुन्हा नवं दूध.

"जिवंत असतात. वाढतात. वाढले की कुणाला तरी द्यावे लागतात."

"मग मला द्या की," तो म्हणाला — आणि उगाचच फडकं पिळत बसला.

तेव्हापासून दर रविवारी ती वाटीत चमचाभर दाणे घेऊन खाली उतरायची.

"दाणे द्यायला केस विंचरून जावं लागतं वाटतं?" तिच्यासोबत राहणारी मावशी विचारायची.

"मावशी, तुझा चहा निवतोय."

थंडी पडली. थंडीत दाणे आळसावतात, वाढता वाढेनात. रविवार मात्र नेमाने यायचा. मग ती स्वतःच्याच दाण्यांतून चमचा काढू लागली. असं करता करता बरणीत एकच चमचा उरला. दिला, तर पुढच्या रविवारी खाली जायला निमित्त नाही. न दिला, तर आजच नाही...

तिने वाटी भरली.

"आत या, हात ओले आहेत," दुकानामागच्या खोलीतून तो म्हणाला.

खिडकीशी बरण्यांची रांग होती. अकरा. प्रत्येकीवर कापड, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. तो एकेक गाळत होता.

"एवढं पिता तुम्ही?"

"एक घोटही नाही. आंबट सोसत नाही मला. शेजारी नेतात."

"अहो, मग सगळे दाणे एकाच बरणीत घालायचे ना."

"असं कसं? हे ज्या रविवारी तुम्ही निळी ओढणी घेतली होती, तेव्हाचे. हे तुम्हाला सर्दी होती, तेव्हाचे..."

मग तिने वाटी पुढे केली.

"हे शेवटचे. माझी बरणी रिकामी झाली. आता खाली यायला... काही नाही माझ्याकडे."

त्याने वाटी घेऊन हलकेच खिडकीत ठेवली.

"यातली एक बरणी वर न्या. आणि पुढच्या रविवारी रिकाम्या हातांनी या."

"रिकाम्या कशाला?"

"भरलेले हात धरता येत नाहीत," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

"पुढच्या रविवारपर्यंत कोण थांबतंय," म्हणत तिने हात पुढे केला. त्याचा हात अजून ओला होता, बोटांना आंबूस दुधाचा वास होता, आणि हात पुसायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.