हात कुठाय?

भूलतज्ज्ञ डॉक्टर हरिहर आगाशे यांचं एकच दुःख होतं. वीस वर्षं चोख काम केलं, पण ज्यांच्यासाठी केलं ते सगळे त्या वेळी झोपलेले. म्हणून २००२च्या सुमारास त्यांनी हाताच्या ऑपरेशनला पूर्ण भूल न देता नुसता हात बधिर करायला सुरुवात केली. निदान कौतुक करायला समोरचा जागा असे.

हात बधिर करायचे रस्ते दोन. सुई गळ्याखालच्या हासळीच्या हाडावरून घालायची, नाहीतर काखेतून. हासळीचा रस्ता झटपट, पण शेजारी फुप्फुस. काखेचा निर्धोक, पण अंगठ्याकडची बाजू बरेचदा बधिर न होता जागीच राहते. हाताच्या सर्जन डॉक्टर मनस्विनी सावंत हासळीवाल्या, आगाशे काखवाले. सरस कोणता, हे कोल्हापूरच्या परिषदेत मांडायचं ठरलं होतं.

"सर, तुमची काख म्हणजे एसटी," मनस्विनी म्हणायच्या. "पोचते. पण कधी, ते विचारायचं नाही."

आगाशे एकाच प्रश्नाने तपासायचे. हिरव्या पडद्याआडच्या पेशंटला विचारायचं, "हात कुठाय?" हात टेबलावर असतो आणि पेशंट म्हणतो, छातीवर आहे, नाहीतर वर उचललाय. उत्तर चुकलं की हात बधिर झाला. यात गूढ काही नाही. मेंदूला हाताची शेवटची खबर आठवते, इतकंच.

काखेतून सुई घेतलेल्या यमुनाबाई, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, "बाजूला लोंबतोय. आणि धरलाय कोणी तो? पंजा गार आहे हो तुमचा."

आगाशे त्यांच्या डोक्याशी उभे होते. दोन्ही हात खिशात.

पुढे मालगुंडच्या एका बागायतदाराने तेच सांगितलं. मग पोफळीच्या वायरमनने. लहान पंजा, गार, घट्ट. या लोकांची आपसात ओळख नव्हती. हासळीवरून सुई घेतलेल्या पेशंटांपैकी एकानेही असलं काही म्हटलं नाही. आणि ज्यांचा हात कोणी धरला, त्यांचा अंगठा कधी जागा राहिला नाही. आगाशे शास्त्राचे मनुष्य. निकाल चांगले येत होते, म्हणून त्यांनी कारण शोधलं नाही. फक्त "हात कुठाय?" नंतर ते हळूच विचारू लागले, "धरलाय का कोणी?"

अशात मिरकरवाड्याहून भागोजीला आणलं. ट्रॉलरवरचा खलाशी. जाळं ओढायच्या यंत्रात उजवा हात सापडून चार बोटं लोंबत होती. दम्याने छाती पोखरलेली, त्यामुळे पूर्ण भूल झेपणार नव्हती आणि फुप्फुसाशेजारी सुई न्यायची कोणाची छाती नव्हती. बोटं काढून टाकली तर काम थोडक्यात आटपणार होतं. शिवायची तर अख्खा दिवस लागणार, आणि काखेतलं औषध जेमतेम दुपारपर्यंत पुरणार.

"बोटं गेली तर बोटीवर कोन घेल मना?" भागोजी म्हणाला.

"शिवू या," आगाशे म्हणाले.

"एसटीच्या भरवशावर," मनस्विनी म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

सुई घातली. थोडा वेळ जाऊ दिला.

"भागोजी, हात कुठाय?"

"खाली. धरलान हाय कुनीतरी."

आगाशे मास्कच्या आत हसले.

दुपार टळली. तीन बोटं शिवून झाली. बाहेरून मासळीचे टेम्पो गेले, त्यांचा वास खिडकीतून आला. मग एक बोट हललं.

"सर, हात जागा होतोय. आणखी औषध?"

"आता दिलं तर हृदयावर बेतेल."

"मग करंगळी काढते."

पडद्याआडून भागोजी म्हणाला, "ढिला सोडतो हाय तो."

आगाशे वाकले. पेशंटच्या कानाशी इतके ते कधी वाकले नव्हते.

"सांग त्याला," ते म्हणाले. "सोडू नको म्हणावं."

भागोजी काहीतरी पुटपुटला.

हात निपचित पडला.

शेवटचा टाका दिवेलागणीला पडला. एकही बोट गेलं नाही. मनस्विनींनी हातमोजे काढले. "काख जिंकली, सर."

कोल्हापूरच्या परिषदेत अख्खं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. पहिलं बक्षीस मिळालं. पुण्याच्या एका ज्येष्ठांनी यशाचं गमक विचारलं, तेव्हा आगाशे म्हणाले, "पेशंटशी बोलावं लागतं." त्यावर पुन्हा टाळ्या.

प्लास्टर निघालं त्या दिवशी भागोजीने पाचही बोटं मिटून उघडून दाखवली. सिस्टरांचे डोळे भरून आले. त्याने आणलेली अख्खी सुरमई आगाशांना चालणारी नव्हती, ती मनस्विनींनी त्यांच्या वतीने स्वीकारली.

"बोटीवर कधी जाऊ?"

"महिनाभराने. सगळं कळतंय ना हाताला?"

"कळतंय की. गरम, गार, सगळं."

दारापर्यंत जाऊन तो घुटमळला.

"डाक्टर, सोड म्हनून कधी सांगू त्याला?"

आगाशांनी चष्मा काढला. "अजून धरलाय?"

"हाय की. इतके दिवस नुसता धरून उभा व्हता," भागोजी म्हणाला. "परवापासनं चालायला लागलाय."

आगाशे खिडकीशी गेले. खाली भागोजी बंदराकडच्या उतारावर निघाला होता. उजवा हात अंगापासून सुटा, जरा खाली, लहान मुलाच्या उंचीवर. नाक्यावर एक रिक्षा आडवी आली, तो थांबला. रिक्षा गेली.

मग आधी हात पुढे गेला, आणि त्याच्या मागून भागोजी.