नऊ मिनिटं तिन्ही टॉवर बंद

एकाच टेकडीवर तीन कंपन्यांचे टॉवर, त्यातला एक आमचा, आणि दहा वर्षं तिघींमधून विस्तव जात नव्हता. आमच्या ग्राहकाला आमची रेंज नसली, तर शेजारचा टॉवर मोकळा असूनही त्याचा फोन मुका. या भांडणात पलीकडच्या उतारावरच्या घरांचे कायम हाल झाले. त्यातल्या शेवटच्या घरात माझी आई एकटी राहते, आणि तिचं हृदय अधू आहे.

भांडण मिटवलं दुसऱ्या कंपनीच्या मॅडमनी. रेंज तिघांनी वाटून घ्यावी म्हणून चौदा महिने त्यांनी तिन्ही ऑफिसांचे उंबरे झिजवले. "रेंज काय कुणाच्या बापाची आहे?" असं आमच्या साहेबांना तोंडावर विचारलं. मी इंजिनियर, सहसा कुणाचं कौतुक करत नाही; पण या बाईंना मी मनापासून मानतो.

मंगळवारी टेकडीवर शेवटची चाचणी होती. एकेका कंपनीनं आपला टॉवर दहा मिनिटं बंद करायचा आणि तिचे फोन उरलेल्या दोघींवर जातात का, ते बघायचं. पहिली पाळी कुणाची, हे ठरवायचंच राहिलं. नुकतेच गोडीत आलेले आम्ही! पहिला त्रास आपणच घ्यावा, अशा भलत्या सौजन्यानं तिघांनीही बरोबर अकराला आपापला टॉवर बंद केला.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी मॅडम ओरडल्या, "अरे, चालू कुणाचा आहे?"

कुणाचाच नव्हता.

टॉवर चालू करताच मी आईला फोन लावला. व्यस्त. पाच वेळा व्यस्त. माझा चेहरा बघून मॅडमनी आपली गाडी काढली.

आईच्या दारात रुग्णवाहिका उभी होती. आई खाटेवर, नाकाला नळी, पण डोळे उघडे. मला रडू आवरलं नाही.

"वेळेवर कळवलंत," डॉक्टर म्हणाले. "जरा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं."

"कुणी कळवलं?"

"तुम्हीच की. अकरा वाजून दोन मिनिटांनी. आवाज हाच."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. अकरा-दोनला मी त्यांच्याच शेजारी उभा होतो.

आई पुटपुटली, "गाडी पाठवलीय म्हणालास. दार उघडं ठेव म्हणालास. मग बोलतच बसलास बाबा, डोळा लागू दिला नाहीस."

तिच्या उशाशी फोन होता. पडद्यावर माझं नाव. कॉल सुरू होता, अठ्ठेचाळीस मिनिटं.

माझा फोन माझ्या खिशात होता.

मी तिचा फोन कानाला लावला. इतका स्वच्छ आवाज मी उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"पोहोचलास ना?" माझाच आवाज म्हणाला. "मग आता ठेवतो मी."