पापुद्र्यावरचा अंगठा

धाकट्याने ओतलेला शेवटचा पापुद्रा काचेच्या बरणीत तसाच पडून होता, आणि तो तपासायचं काम फिरून ताईकडेच यायचं होतं. काम नेहमीचंच. रबराच्या झाडाचा चीक काचेवर पातळ ओतायचा, काच बरणीत ठेवायची, वाळून पापुद्रा झाला की तुकडा कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. चिकातले कण आधी गोल, सुटे सुटे असतात. वाळताना ते एकमेकांत असे मिसळतात, की कुठला कोणता हे सांगता येत नाही. ओतायचा धाकटा, बघायची ताई. बहीणभाऊ एकाच प्रयोगशाळेत, म्हणून लोक थट्टाही करायचे.

धाकटा तापाने गेला त्याला महिना होत आला होता. ताई रडली नव्हती. मन दगडाचं होतं असं नाही, आत काही हलतच नव्हतं. वाढलेलं जेवायची, कामावर यायची. त्या सकाळी आई दारात म्हणाली, "त्याच्या हातचं काही राहिलं असेल तिथे, तर घेऊन ये गं." ताई "बरं" म्हणाली आणि विसरली.

पापुद्र्याच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता. धाकट्याची जुनी खोड. हातमोजा काढायचा, "वाळला का बघतो" म्हणत अंगठा टेकवायचा आणि चांगला नमुना वाया घालवायचा. ताईने कानीकपाळी ओरडून काही उपयोग नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं ती त्याला म्हणायची.

हा ठसा घरी न्यायला हवा होता. पण हाताला सवय. तिने नेमका तोच कापला आणि मुलामेवाल्याला दिला. नमुन्यांवर सोन्याचा पातळ थर चढवणाऱ्याला सगळे त्याच नावाने हाक मारत.

दुपारी खोलीतला दिवा मालवून तिने यंत्र लावलं. पंपाची घरघर सुरू झाली. चिकाचा आंबूस वास आला, खरं तर बंद यंत्रातून तो यायला नको होता. पडद्यावर वळणावळणाच्या रेषा उमटल्या. ती आणखी जवळ गेली. एवढ्या दिवसांत सगळे कण मिसळून सपाट व्हायला हवेत, आणि बाकीचा पापुद्रा तसा होताही. रेषांच्या खोबणीत मात्र कण गोल होते... सुटे... आत्ताच कुणी बोट टेकवल्यासारखे.

ती बघत राहिली, फार वेळ. यंत्राचा किरण एकाच जागी धरून ठेवला तर रबर जळतं, हे ती नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची. भानावर आली तेव्हा ठशाच्या भोवऱ्यात काळा चौकोन पडला होता.

गल्लत कुठे झाली ते कळावं म्हणून तिने नव्या डब्यातला चीक स्वतः ओतला, बरणी कपाटात ठेवली आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी बरणी मुलामेवाल्याच्या समोरच उघडली.

"काय ताई, तुम्हीपण अंगठा टेकवायला लागलात?"

"नाही."

"मग हा...?"

तिने भिंग लावलं. तोच अंगठा. भोवऱ्यात काळा चौकोन, भाजल्यासारखा.

"दुखलं असेल त्याला," ती म्हणाली.

"कुणाला?"

तो ठसा तिने यंत्रात घातला नाही. संध्याकाळी निघण्याआधी आणखी एक पापुद्रा ओतला आणि बरणीवर वाकून हळूच म्हणाली, "नाही बघणार रे आता. टेकव तू."

सकाळी पापुद्र्यावर अंगठा नव्हता. कडेला फक्त करंगळीच्या टोकाचा पुसट डाग होता, टेकवून घाईघाईने मागे ओढलेला. माणसं मेलेल्यांना भितात. इथे तो तिला भ्यायला होता. ताई खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. मुलामेवाला पाण्याचा पेला धरून नुसता उभा राहिला.

ती काच तिने तशीच जपून घरी नेली आणि आईच्या मांडीवर ठेवली. दिवसभर ती तिने स्वतः हाताळली होती. पापुद्रा खडखडीत वाळला होता.

आईने करंगळीच्या डागावर अंगठा फिरवला, मग उजेडात धरला. अंगठ्याला पांढरा चीक लागला होता.

"वाळला नाही गं हा अजून," आई म्हणाली. "आणि इतका ऊन कसा?"