सीटखालचा स्विच

ज्या कुणी त्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या, त्याला त्या कशासाठी असतात हे पक्कं माहीत होतं. अडाण्याचं काम नव्हतं ते. अडाणी माणूस वायर तोडतो, सोडून देतो. याने सोललेली तार तारेवर नीट पिळली होती, वरून दोरा गुंडाळला होता आणि सीट पुन्हा जागेवर बसवली होती, बाहेरून काही दिसू नये म्हणून. मग एक माणूस मेला, आणि दोष भलत्याच बाईच्या गळ्यात पडला. एवढी वर्षं कुणाला सीट उचलून बघावंसंसुद्धा वाटलं नाही, याचा मला संताप आला होता. आजही येतो, पण आता तो संताप नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही.

सुरुवात साधी होती. मी आणि प्राणेश, आम्ही दोघं नोकरी सांभाळून गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक शेड चालवतो. जुने गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करतो. बंगल्यांच्या आणि क्लबांच्या लॉनवर एके काळी फिरायचे ते, पोटाखाली गवत कापायचं पातं असलेले छोटे ट्रॅक्टर. मी चिंचवडची. प्राणेश इथलाच, तंजावरी मराठी. त्याची आजी अजून जुनं मराठी बोलते, आणि तो माझ्याशी बोलताना निम्मं तमिळ ओततो.

अड्यारच्या त्या बंगल्याचं काम त्याच्या आजीच्या ओळखीतून आलं. बाईंचं नाव अलकनंदा. सत्तरीच्या असतील. व्हरांड्यात बसून त्या मल्लिगैची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं दोऱ्यात बांधत होत्या. आपल्याकडे गजरा सुईने ओवतात. इथे बायका सुई घेत नाहीत, नुसत्या बोटांनी गाठीमागून गाठ मारत जातात. त्यांचं डावं मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं, पण बोटं थांबत नव्हती.

"हाताला काय झालं?" मी विचारलं. मला असलं पटकन विचारायची सवय आहे.

"लग्नानंतर पडले. विहिरीपाशी." त्यांनी मान वर केली नाही. "मोर घ्याल ना? आमच्याकडे कॉफी करीत नाहीत."

मोर म्हणजे इथलं ताक. ते पिता पिता त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान, गुरुराज, स्वतः ट्रॅक्टर चालवायचे. माळ्याला हात लावू देत नसत. वाटेत नारळाची झावळी पडलेली दिसली की गिअर न काढताच उतरायचे. सीटवरून उठलं की इंजिन आपोआप बंद पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. एका सकाळी बाईंनी व्हरांड्यातून कॉफीला हाक मारली. ते उतरले, पुढे गेले. इंजिन बंद पडलं नाही. ट्रॅक्टरने त्यांना विहिरीच्या कठड्यावर नेऊन दाबलं.

"नणंद दर श्राद्धाला म्हणते, हाकेनं गेला माझा भाऊ." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "विहीर बुजवली मग. हे मात्र राहिलं."

"आता विकायचाय का ट्रॅक्टर?" प्राणेशने विचारलं.

"नाही पा. नीट करा. बंद व्हायला पाहिजे."

"चालू व्हायला, म्हणजे."

"चालू होतं की. रोज सकाळी. बंद होत नाही."

आम्ही बंगल्यामागच्या शेडमध्ये गेलो. ट्रॅक्टरच्या टायरांची माती झाली होती. प्लगच्या भोकात कोळ्याचं जाळं होतं. मी फ्लायव्हीलला दोन्ही हातांनी जोर लावला. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटलेला. हे इंजिन कित्येक वर्षांत फिरलेलं नव्हतं.

"वय झालंय त्यांचं," मी हळूच म्हणाले. प्राणेश हसला नाही. तो टायरांपुढच्या जमिनीकडे बघत होता. गवतात दोन चाकोऱ्या होत्या, शेडपासून थेट बुजवलेल्या विहिरीच्या कठड्यापर्यंत, आणि त्यांत काही उगवलेलं नव्हतं.

गिंडीला आणल्यावर रॉकेलमध्ये मुरवून पिस्टन सोडवला. कार्बुरेटर उकळून काढला, टायर आणि बॅटरी नवी घातली. आणि नवं रेक्झिन चढवायला सीट उचलली तेव्हा ते जोडकाम दिसलं. स्विचकडे जाणाऱ्या दोन वायरी परस्पर जोडलेल्या. इंजिनाला कायम वाटत राहावं, की सीटवर माणूस बसलेला आहे. जोडावर टेपऐवजी काळपट दोरा होता, एकाला लागून एक अशा गाठी, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. कुठल्या तरी मेकॅनिककडची टेप संपली असणार, असं मला वाटलं.

"कळतंय का तुला?" मी ओरडले. "त्या बाईंच्या हाकेचा काही संबंध नाही! तो माणूस सवयीप्रमाणे उतरला. इंजिन बंद पडायला हवं होतं, कुणीतरी पडू दिलं नाही!"

"कुणी?"

"ते नंतर बघू. आधी त्यांना दाखवायचं. त्यांच्या डोळ्यांसमोर. नवा स्विच बसवते, इंजिन चालू करते आणि उतरते. इंजिन बंद. मग नणंदेला म्हणावं, ये आता."

"उद्या नको हं. उद्या आयुधपूजा."

"सुट्टी आहे म्हणूनच उद्या."

"अय्यो चिंचवडकर, उद्या हत्यारांची सुट्टी. तुझी नव्हे." त्याने सगळे पाने, पकडी पुसून टेबलावर मांडले, त्यांना चंदन-कुंकू लावलं, ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली. "परवापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. यंत्रांना एक दिवस विसावा द्यायचा. घरी काय करता तुम्ही खंडेनवमीला?"

"पूजा करतो आणि कामाला लागतो," मी म्हणाले. ते खरं नव्हतं. पण एक बाई अर्धं आयुष्य दुसऱ्याचा दोष वाहते आहे आणि आपण कुंकू वाळायची वाट बघायची, हे मला जमणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच शेडवर गेले. प्राणेश आला नाही. इस्टेटमध्ये एरवी प्रेस आणि लेथचा आवाज कानात भरून राहतो; त्या दिवशी सगळ्या शटरांना केळीचे खांब बांधलेले, रस्त्यात फोडलेले कोहळे पडलेले आणि त्यांच्या पांढऱ्या गरात कुंकवाचे लाल ओघळ. कुठेही आवाज नाही. आभाळ इतकं भरून आलेलं, की भर दुपारी शेडमध्ये दिवा लावावा लागला. झेंडू, जुनं ऑइल आणि उदबत्ती यांचा मिळून एक गोडसर, कोंदट वास येत होता.

मी टेबलावरचा कुंकू लावलेला पाना उचलला. जुना जोड कापला, दोऱ्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला. नवा स्विच बसवला आणि मीटर लावून तपासला. सीट दाबली की जुळतो, सोडली की तुटतो.

अलकनंदाबाई रिक्षाने आल्या. मी त्यांना भिंतीशी उभं केलं आणि सगळं समजावून सांगितलं. पिशवी त्यांच्या हातात दिली. त्या जोडाकडे खूप वेळ बघत राहिल्या. मग पिशवी माझ्या मुठीत परत ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

"तुझ्याजवळच ठेव," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, भरून आलं असेल.

मी सीटवर बसले. गिअरचा दांडा मोकळा आहे हे पाहिलं. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. पत्रे थरथरू लागले. "आता बघा हं," मी ओरडले, आणि उतरले.

इंजिन चालू राहिलं.

मी सीटकडे बघितलं. मी उठले तरी सीट वर आली नव्हती. नवं काळं रेक्झिन मधोमध खोल दबलेलं होतं, माझ्या वजनाने दबलं होतं त्याहून खोल. खालची स्प्रिंग करकरली... कुणी बसल्या बसल्या सरसावून घ्यावं तशी.

"बाई," मी म्हणाले. "जरा... बाजूला व्हा."

त्या हलल्या नाहीत.

गिअरचा दांडा टक्कन पुढे पडला. चाकं फिरली. लिंबं फुटली, आधी पुढची, मग मागची, आणि शेडभर आंबट वास पसरला. ट्रॅक्टर सावकाश, अगदी सावकाश त्यांच्याकडे सरकत होता. किल्ली सीटच्या पलीकडे होती. मी हात लांबवला... त्या रिकाम्या सीटवरून न्यावा लागणार होता तो... दबलेल्या रेक्झिनच्या वर ऊब लागली. माणसाच्या अंगाची असते तशी. मी हात मागे घेतला.

पुढचा पत्रा त्यांच्या लुगड्याला टेकला. त्यांची पाठ भिंतीला होती. तेव्हा त्या बोलल्या. आवाज चढवून नाही. घरातून व्हरांड्यात हाक मारावी तेवढाच.

"अहो... कॉफी झाली. उतरा."

स्प्रिंग करकरली. रेक्झिन हळूहळू वर आलं आणि सपाट झालं.

त्याच क्षणी इंजिन बंद पडलं. मी बसवलेला स्विच बिनचूक चालला होता.

शांततेत फक्त गरम लोखंड टिकटिकत होतं. बाईंचा चेहरा कागदासारखा झाला होता. "बंद व्हायला पाहिजे म्हणाले होते मी," त्या पुटपुटल्या. "उतरायला पाहिजे असं नव्हतं म्हणाले."

मी त्यांना रिक्षापर्यंत नेलं. रिक्षाच्या दाराशी त्या थांबल्या, पदर सावरून एक पाऊल मागे सरल्या, आपल्याआधी कुणाला बसू द्यावं तशा. रिक्षा एकदा खाली दबली. मग त्या बसल्या, तेव्हा पुन्हा एकदा दबली. रिक्षावाला मोबाइलमध्ये बघत होता.

रात्री प्राणेशला फोन केला. "विसावा मोडलास तू," एवढंच तो म्हणाला.

सकाळी मी अड्यारला गेले. बाईंना नेमकं काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. पिशवी हातातच होती. फाटकाला आतून कुलूप होतं. घंटा वाजवली, हाका मारल्या, कुणी आलं नाही. पण घर उघडं होतं. खिडकीतून ताज्या फिल्टर कॉफीचा दाट वास थेट फाटकापर्यंत येत होता.

समोर कोपऱ्यावर एक फुलवाली बसते. तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे बोट केलं. "अम्माचा दोरा घेऊन कुठे निघालीस?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"कुणाचा?"

"अम्माचा." तिने पिशवी उजेडात धरली. "फुलं बांधायची गाठ आहे ना ही. डावं मनगट मोडल्यापासून तिची गाठ अशी तिरपी पडते. आख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाची पडत नाही."

मी तिच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. सगळ्या गाठी एकाच बाजूला कललेल्या होत्या.

फुलवालीने पिशवी परत दिली आणि पाण्याचा हबका फुलांवर मारला.

"माझ्या आईपासून आम्ही तिला सुटी फुलं देतो, बांधते ती स्वतःच. आज पहिल्यांदा बांधलेली मागितली. उजवा हात गळ्यात अडकवलेला, सुजून हा एवढा. विचारलं, तर म्हणाली, विहिरीपाशी पडले. ती विहीर बुजवून किती वर्षं झाली, कण्णु!"