शेवटपर्यंत पाहिलेली जाहिरात

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे, माणसांनी गजबजलेल्या ऑफिसातली. पटली नाही तर सोडून द्या. पण माझी आतेबहीण, आमची छकुली, हे सांगताना एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. थापा मारणारा माणूस कसा डोळ्यांत डोळे घालून मारतो.

छकुली जाहिरातींच्या एजन्सीत आहे. मोबाइलवर व्हिडिओच्या आधी ज्या जाहिराती येतात, त्या किती लोकांनी पाहिल्या, किती जणांनी मध्येच सोडल्या, याचे रिपोर्ट काढणं हे तिचं काम. त्यांच्याकडे एक पद्धत होती. जाहिरात जगाला दाखवण्याआधी घरच्याच काही फोनवर चालवून बघायची. त्या फोनची एक चाचणी यादी असायची.

त्या यादीत छकुलीने आत्याचा फोन घातला होता. नाव दिलं, ‘आई’.

आत्याला केवढा आनंद! जाहिरात आली की लगेच लेकीला फोन.

"पाहिली गं. छान आहे, पण फार घाईत संपते."

दर वेळी हेच. आधी छकुलीला गंमत वाटायची. मग कामाच्या रगाड्यात नकोसं व्हायला लागलं. एकदा मीटिंगमध्ये फोन वाजला आणि ती वैतागली.

"आई, फोन नको करत जाऊस. तू पाहिलीस की मला इथे रिपोर्टमध्ये कळतं."

"माझं नाव येतं त्यात?"

"हो, येतं."

साफ खोटं. तिच्या रिपोर्टात नुसते आकडे असायचे.

आत्याने फोन करणं बंद केलं. साधी बाई. लेकीला कळतंय, या भरवशावर गुपचूप जाहिराती बघत राहिली.

मग एक दिवस आत्या गेली. तिचा फोन छकुलीने कपाटात कपड्यांखाली ठेवला. सिम काढून, बंद करून. यादीतून नाव काढायचं मात्र राहून गेलं.

पुढे ऑफिसात एआय असिस्टंट आला. साहेब म्हणाले, "याला सगळे रिपोर्ट जोडून दे. क्लायंटने साध्या भाषेत विचारायचं, याने सांगायचं." छकुलीने जोडून दिले. आतला कच्चा डेटाही जोडला, प्रत्येक फोनची वेगळी नोंद असलेला. तो तिने आजवर कधी उघडूनही पाहिला नव्हता.

जेवण झाल्यावर तिने सहज विचारलं, "साबणाची जाहिरात कशी चालली?"

"बहुतेकांनी मध्येच सोडली. चाचणी यादीतल्या एका फोनवर शेवटपर्यंत पाहिली गेली. आज, थोड्या वेळापूर्वी."

"कोणता फोन?"

पडद्यावर टिंबं हलत राहिली...

"आई."

छकुलीने शेजारच्या डिझाइनवालीला पडदा दाखवला. ती म्हणाली, "अगं, जुनं काहीतरी उचललं असेल त्याने. नवीन आहे तो." पण साबणाची जाहिरात कालच तयार झाली होती. आत्याने ती कुठून बघायची?

घरी आल्या आल्या तिने कपाट उघडलं. फोन बंदच होता. तिने तो हातात घेतला...

कोमट होता. आत्ताच कोणीतरी खाली ठेवावा तसा.

दुसऱ्या दिवशी तिने भीतभीत जुन्या नोंदी विचारल्या. असिस्टंटने एकेक जाहिरात सांगितली. आत्या होती तेव्हाच्या. सगळ्या शेवटपर्यंत पाहिलेल्या, काही परत परत. म्हणजे नाव खरंच येत होतं. छकुलीनेच कधी बघितलं नव्हतं. तिला आपलीच लाज वाटली, इतकी की ती उठून बाथरूममध्ये जाऊन रडली.

त्याच दुपारी क्लायंटची मीटिंग. भिंतीवर मोठा पडदा, टेबलाभोवती सगळे बसलेले. क्लायंटने हौसेने विचारलं, "आमच्या जाहिरातीत काय सुधारायला हवं?"

उत्तर यायला जरा वेळ लागला...

"छान आहे. पण फार घाईत संपते. हे मत: आई."

क्लायंट हसला. "ही आई कोण बुवा?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

छकुलीने तोंड उघडलं. माझी आई, एवढंच सांगायचं होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "कोणी नाही. चुकून राहिलंय."

"मग काढ ते. आत्ता," साहेब म्हणाले.

तिने लिहिलं, ‘चाचणी यादी काढून टाक.’

"काढली तर पाहिल्याचं तुम्हाला कळणार नाही. काढू?"

एसीचा आवाज थांबला होता, असं ती म्हणते. साहेबांनी घसा खाकरला. छकुलीने खाली मान घालून लिहिलं...

‘हो.’

पडद्यावरून ते नाव गेलं.

आणि टेबलावर छकुलीचा मोबाइल वाजायला लागला.

पालथा ठेवलेला होता. तिने उलटा केला. वर तेच नाव होतं.

रिपोर्टमध्ये कळतं म्हणून आत्याने फोन करायचं सोडलं होतं. आता कळायची सोय राहिली नव्हती.

"घ्या ना, घ्या," क्लायंट म्हणाला. "घरचा दिसतोय."

फोन बराच वेळ वाजला. मग आपोआप थांबला.

तो नंबर आजही बंद लागतो. छकुलीने शंभरदा लावून पाहिलाय. असिस्टंटला विचारलं, तर तो म्हणतो, अशी कुठलीच यादी माझ्याकडे नाही.

मी तिला विचारलं, "भीती वाटली म्हणून उचलला नाहीस ना?"

ती खाली बघत म्हणाली,

"नाही रे. मीटिंग चालू होती."