आन ख्वेला गाडी थांबते तेव्हा

पहिल्याच भेटीत मी त्याला पळवून नेलं. म्हणजे तो सगळ्यांना असंच सांगतो. खरं तर पळवलं ते गाडीनं. मी फक्त भांडत होते.

हनोईहून दक्षिणेला निघालेली आमची गाडी आन ख्वेच्या चिमुकल्या स्टेशनात उभी होती. उभी म्हणजे नावापुरती... जेवणाचे डबे वर घ्यायचे, हुश्श म्हणायचं, की सुटलीच! माझ्यासोबत नेहमीसारखे आठ पाहुणे. आठाच्या वर मी नेत नाही. विमान नको, मोठ्ठी बस नको. रेल्वेनं जायचं, गावातल्या बायांच्या हातचं खायचं आणि जाऊ तिथं कुणाला आपला जाच होऊ द्यायचा नाही, अशा विचाराची आमची छोटीशी कंपनी आणि मी तिथली गाईड. आन ख्वेच्या महिला गटाकडून दुपारचं जेवण मागवायला तेव्हा नुकती सुरुवात केली होती. डबे घेऊन एखादी काकू येईल असं मी धरून चालले होते. आला तो उंच, सावळा, पावसानं चिंब झालेला एक तरुण... दोन्ही हातांत पुडापुडांचे डबे आणि करंगळीला लोंबकळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिटुकल्या पिशव्या.

"हे काय?" मी पिशव्यांकडे बोट दाखवलं.

"नुओक माम." आमच्याकडचा तो खारवलेल्या माशांचा रस. "माशाबरोबर बुडवून खायला."

"ते दिसतंय. पण प्लॅस्टिकमध्ये का? मी फोनवर बजावून सांगितलं होतं!"

"मग काय ओंजळीत आणू?"

"बाटलीत आणा, बांबूत आणा, काहीही करा. या पिशव्या मी घेणार नाही."

"बाईसाहेब, आमच्या घरचं नुओक माम न घेता हा मासा खाल्लात ना, तर आई मला उंबरा ओलांडू देणार नाही."

"तो तुमच्या घरचा प्रश्न —"

आणि शिट्टी झाली. तो दाराकडे वळला, पण वाटेत आमचे पावेल काका आडवे. चेक देशातले, दांडगे, मायाळू. डब्याचं झाकण उघडून डोळे मिटून वास घेत उभे होते. त्यांना वळसा घालेपर्यंत फलाट संपला होता.

तो दारात उभा राहून आपलं गाव मागे पडताना बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. आता हा खवळणार, मी मनाची तयारी केली.

"तुम्ही जेवलात का?" त्यानं विचारलं.

मला हसू आवरेना. आमच्याकडे कुणीही भेटलं की हेच विचारतात, पण ज्याला गाडीनं पळवून आणलं त्यानं विचारावं?

पुढच्या स्टेशनापर्यंत, डोंग हापर्यंत, तो आमच्यातच बसला. नाव खियेम. घरची मिरीची बाग. आई महिला गटाची म्होरकी, म्हणून गटाची सगळी धावपळ याच्या गळ्यात. बोलण्याला मध्य भागातला जड हेल; आम्हा हनोईकरांना त्यातलं निम्मं कळत नाही.

"जरा सावकाश बोला ना," मी म्हणाले.

"सावकाशच बोलतोय. तुम्हीच गाताय."

पावेल काकांनी अख्खी मिरची चावली आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. खियेमनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवत त्यांना साधा भात भरवला... अगदी लहान मुलाला भरवावा तसा. मला वाटतं, मी तिथंच घसरले.

पुढच्या खेपेला नुओक माम आलं ते काचेच्या बाटल्यांतून, केळीच्या पानाची बुचं लावून.

"आता तरी घेणार?"

"या बाटल्यांत आधी काय होतं?"

"खोकल्याचं औषध. गुण येईल."

असं सुरू झालं. जाताना भरलेले डबे घ्यायचे, परतताना रिकामे द्यायचे. दोन्ही वेळा दारातच, उभ्याउभ्या. तो खालून, मी वरून. "आज केस मोकळे?" "धुतलेत, वाळतायत. तुम्हाला काय त्याचं?" "काही नाही... भातात येतील म्हणून म्हटलं." एवढ्यात शिट्टी. मग पुढचं सगळं बोलणं मी एकटीच सायगॉनपर्यंत मनात करत जायचे. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं, तेही भांडताना.

माझ्या पायाला भिंगरी आहे हे माझी आई जन्मापासून सांगत आलीय. हनोईतली भाड्याची खोली नावाला. तिथली कुंडीतली रोपं शेजारणीच्या जिवावर जगतात. कुठं टेकले की मला पुढचं गाव दिसायला लागतं. पण आता निराळंच काही होऊ लागलं होतं. आन ख्वे यायला कितीतरी अवकाश असताना मी उठायचे, दाराशी जायचे, परत यायचे, पाहुण्यांना नको असलेलं पाणी द्यायचे, पुन्हा दाराशी. आणि आन ख्वे मागं पडलं की पुढचं कुठलंच गाव दिसायचं नाही. याला काय म्हणतात ते मला कळत होतं. सांगायचं कसं, ते कळत नव्हतं.

मग आमच्या डब्यातल्या परिचारकानं चहा ओतता ओतता बातमी दिली. "तुमचं ते डब्यांचं स्टेशन आता बंद हं. पुढच्या महिन्यापासून गाडी तिथं थांबणार नाही. चढणारं-उतरणारं कुणी नाही म्हणे."

मी चहा हातात घेऊन तशीच उभी राहिले. डब्यांची सोय झाली असती. बसनं डोंग हाला आले असते डबे. पण त्याचं काय? आमचं एकमेकांशी नातं काय, तर गाडीचं दार! ना तो काही बोललेला, ना मी. ही शेवटची खेप; परतेन तेव्हा पुढचा महिना लागलेला असणार. आज बोलले नाही तर तो मला पुन्हा दिसायचं कारणच उरणार नव्हतं. मला त्या रेल्वेचा राग आला, त्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा.

बाहेर दोन दिवस कोसळत होतं. आन ख्वेला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. पुढच्या रुळांवर पाणी आलं होतं. खियेम फलाटावर आला तो छत्र्यांचा भारा घेऊन. हातात डबा एकही नाही.

"डबे?"

"गाडी हलणार नाही म्हटल्यावर आईनं पंगतीत वाढून टाकले. आज बाबांची तिथी आहे. तुम्ही सगळ्यांनी घरी यायचं."

"ऐन वेळी? आठ माणसं? खियेम, घरचं कार्य आहे. तिथं परके लोक नेऊन मी तमाशा बघायला बसवू का?"

"तमाशा तर होणारच. माझ्या आत्या आल्यात."

या खेपेला पावेल काका बायकोला घेऊन पुन्हा आले होते. ते छत्री उघडून निघालेसुद्धा. मी वाटेत सगळ्यांना बजावलं: बूट बाहेर, फोटो नाहीत, आधी काकूंना, म्हणजे खियेमच्या आईला, विचारायचं, मगच देव्हाऱ्यासमोर उदबत्ती. आणि मधेमधे त्याच्या बाजूला सरकत होते.

"खियेम, मला एक सांगायचंय..."

"हं? — जपून, डावीकडे खड्डा आहे!"

खड्ड्यात मीच गेले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला.

घर माणसांनी फुललं होतं. देव्हाऱ्यात खियेमच्या वडिलांचा हसरा फोटो, पुढं भात, उकडलेली कोंबडी, त्यांच्या आवडीची बिअर. पाहुण्यांनी हात जोडले, काकूंनी त्यांना चटईवर बसवलं, मामामंडळींनी पावेल काकांना तांदळाची दारू पाजायला घेतली. मला मात्र आत्यांनी घेरलं.

"वय काय गं तुझं?"

"अजून लग्न नाही? का बरं?"

"खा की! चिमणीएवढं खातेस," थोम आत्या म्हणाल्या. त्या सगळ्यांत थोरल्या.

मी नुसता भात चिवडत होते. खियेम पंगतीत फिरत होता, सगळ्यांशी हसत होता, आणि माझ्याकडे चुकूनही बघत नव्हता. पाणी ओसरलं तर? आत्ता, या क्षणी शिट्टी झाली तर? बसवेना. उठले, मागच्या दारी गेले. पत्र्याच्या शेडखाली, पाण्याच्या टाकीपाशी वाट्या-ताटल्यांचा ढीग पडला होता. हातांना काहीतरी हवंच होतं. बाह्या वर केल्या, उकिडवी बसले आणि घासायला लागले.

मागोमाग आलेल्या आत्या एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! तिथीच्या घरी लग्नाच्या वयाची मुलगी आपणहून भांड्यांना बसली, म्हणजे ती त्या घरची सून व्हायला आली. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मैत्रिणींना यावरून चिडवण्यात मी सर्वांत पुढे. आणि आता मीच, चिखलाच्या पायजम्यात, भर तिथीला...

"कुणाची गं ही?" थोम आत्यांनी मोठ्यानं विचारलं. माहीत असून.

"खियेमची!" दोघीतिघी एकदम ओरडल्या.

"बघा तरी, दोनदा विसळतेय. आणि हनोईच्या पोरी बिनकामाच्या असं कोण म्हणत होतं?"

"मी नाही बाई, तूच!"

माझे कान तापले. उठायला हवं होतं. पण खरं सांगू? मला ते बरं वाटत होतं. मी मान खाली घालून तिसरी वाटी उचलली.

तोच खियेम आला. त्यानं माझ्या हातातून ती वाटी काढून घेतली.

"ऊठ, क्वेन. पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात." मग आत्यांकडे वळून, "उगाच काहीतरी बोलू नका. ती पाहुणी आहे. पाणी ओसरलं की जाईल."

चुलीपाशी बसलेल्या काकूंनी वर पाहिलं. मी हात पायजम्याला पुसले आणि थेट बाहेर पडले. डोळ्यांत पाणी होतं. पावसात ते कुणाला दिसणार नव्हतं, तेवढंच बरं. तो छत्री घेऊन मागोमाग पळत आला.

"छत्री घे."

"पाहुण्यांना छत्री लागत नाही."

"क्वेन, अगं..."

"गाडी इथं थांबायची बंद होणार आहे, खियेम! तेच सांगायचं होतं. सकाळपासून शब्द जुळवतेय मी."

"माहीत आहे मला. स्टेशनमास्तरांनी सांगितलं."

"आणि तू गप्प?"

"काय बोलू?" त्याचा आवाज चढला. "आत्यांनी एकदा सून म्हटलं, की गाव रोज विचारणार. कुठं आहे, कधी येणार. तू आज इथं, उद्या सायगॉनला. तुला बसून चहा पिताना मी एकदाही पाहिलं नाही. तुला कशाला अडकवू त्यात?"

"मला विचारलंस?"

त्यानं छत्री पुढं केली. मी ती परत ढकलली.

"तुझ्या गावात पाऊल टाकताना मी दहादा विचारते. आत येऊ का, फोटो काढू का, तुम्हाला चालेल का... आणि माझ्या आयुष्याचं तू परस्पर ठरवून टाकलंस? एकदा विचारायचं तरी!"

छत्रीवर पाऊस ताडताड वाजत होता. छत्री अजून आम्हा दोघांच्या मध्येच होती; भिजत होतो दोघंही.

"मग... आता विचारू?" तो अगदी हळू म्हणाला. "मुद्दाम बसलीस का भांड्यांना?"

"नाही. मला बसवेना म्हणून बसले. मग लक्षात आलं."

"मग?"

"मग उठावंसं वाटलं नाही." एकदा तोंड उघडलं तसं सगळंच बाहेर आलं. "मला तू आवडतोस, खियेम. डोंग हापर्यंत गाडीत बसला होतास ना, तेव्हापासून. इथं गाडी थांबत नसेल तर परतीला मी डोंग हाला उतरेन, बसनं येईन. माणसं येतात तशी येईन! फिरणं सोडणार नाही, हे आत्ताच सांगते. पण येत राहीन. तुला चालणार असेल तर."

तो काही बोलायच्या आत स्टेशनकडून लांबलचक शिट्टी आली. पाणी ओसरलं होतं. पाहुण्यांना गोळा करायला मी उलट पावली घराकडे पळाले.

अंगणात एकच गोंधळ. आठ जणांचे बूट चिखलात एकमेकांत मिसळलेले. पावेल काका एका पायात बायकोचा बूट घालून मामांच्या गळ्यात पडले होते. त्यांना निघायला वेळ होता. मी सरळ मागच्या दारी गेले. ढीग तसाच होता, आत्याही तशाच. मी बाह्या वर केल्या आणि सगळ्यांच्या देखत, आता पुरती समजून-उमजून, भांड्यांना बसले.

मागून पावलं वाजली. खियेमनं विजार गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि तो माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"अगं बाई, पुरुष भांड्यांना!" थोम आत्यांनी कपाळाला हात लावला. "या घरात आजवर कुणी पाहिलं होतं का गं?"

त्याचे कान लालबुंद झाले होते. हातातली वाटी तो उगाच पुन्हा पुन्हा घासत होता. मग त्यानं मान वर केली.

"आई," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मघाशी मी चुकीचं बोललो. ही पाहुणी नाही."

काकू चुलीपासून उठल्या. भाताचं ते भलंमोठं, काळंकुट्ट पातेलं त्यांनी फरफटत आणलं आणि आमच्या पुढ्यात ठेवलं.

"ते मला केव्हाच कळलंय," त्या म्हणाल्या. "बोलत बसू नका, गाडी सुटेल. आणि हे दोघांनी मिळून धरा, एकटीनं उचलायचं नाही."