ब्लोअरखालची गाणी

"हे बघ नीट. ओळखतोस?"

उपनिरीक्षक तेजल गांगुर्डेनं कागदात गुंडाळलेलं बेअरिंग टेबलावर ठेवलं. तळहाताएवढं, फुटलेलं, गंजलेलं. समोर बसलेल्या नवनाथनं ते उचललं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, यात तर ग्रीसच नाय."

"सगळे तेच म्हणतायत. तू भरलंच नाहीस."

"भरलं होतं! आईचा नवस फेडायला वणीला गेलो, त्याच्या आदल्या दिवशी भरलं. आठवडाभर सुट्टीवर होतो." त्यानं बेअरिंग टेबलावर परत ठेवलं. "मैना माझी सख्खी बहीण हाय, मॅडम. तिच्या डोक्यावरचं मशीन मी कोरडं ठेवीन का?"

पिंपळगाव बसवंतच्या बाहेर, हायवेला लागून खंडेराव शेठचं द्राक्षांचं पॅकहाऊस. नवनाथ तिथला फिटर. काल भरदुपारी पॅकिंग हॉलमधल्या थंड हवेच्या मोठ्या ब्लोअरचा शाफ्ट तुटला, पंखा जाळी फाडून खाली आला. खाली मैना द्राक्षं भरत होती. आता ती नाशिकला दवाखान्यात होती, अजून शुद्धीवर आली नव्हती.

मोठ्या साहेबांनी निकाल लावून टाकला होता. बेअरिंग कोरडं, फिटर हा, संध्याकाळच्या आत कोर्टात उभा करा. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण तेजलनं पोलिसात येण्याआधी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. त्या डिप्लोम्याचा आजवर उपयोग एवढाच, की ठाण्यातला कूलर बिघडला की सगळे तिच्या तोंडाकडे बघत. आज मात्र तिला ते कोरडं बेअरिंग पटत नव्हतं.

"काल परत आल्यावर ब्लोअरचा आवाज ऐकलास?"

"हॉलमध्ये पायच नाय टाकला. फाटकातच प्रफुल्लसर भेटले. म्हणले, शेठचा निरोप हाय, आधी मागं टेम्पोचं काम बघ."

"आणि सुट्टीवर जाताना?"

"गुपचूप फिरत होतं. शपथ घेतो."

तेजलनं जीप काढली.

फाटकावर सहादू हवालदार होता. काल अपघाताची वर्दी मिळाल्यापासून त्यानं तिथंच ठाण मांडलं होतं, आणि बाहेर जाणाऱ्यांचे जेवणाचे डबेसुद्धा उघडून बघत होता. लोखंडाचा खिळासुद्धा बाहेर गेला नाही, असं त्यानं छाती फुगवून सांगितलं.

आत पाऊल टाकताच तेजल संतापली. अर्धा हॉल चालू होता! मोडका ब्लोअर दोरी लावून वेगळा केला होता, आणि दुसऱ्या ब्लोअरखाली बायका मान खाली घालून घड भरत होत्या. कोपऱ्यातला उंच स्पीकर लावणीवर लावणी वाजवत होता. इकडे बाई मरणाच्या दारात आणि तिकडे ढोलकी.

"तोडलेला माल थांबत नाही, मॅडम. शेठ ऐकत नाहीत," मॅनेजर प्रफुल्ल ओशाळून म्हणाला. नाशिकचा, तरुण, बोलायला मऊ. रात्रभर दवाखान्यात मैनाच्या आईजवळ तोच बसला होता. "या बाजूनं या. मध्ये ओलं आहे."

तो तिला भिंतीच्या कडेनं घेऊन गेला. मधली फरशी कोरडी दिसत होती. पुसली असेल, असं तेजलला वाटलं.

मोडक्या ब्लोअरपाशी ती उकिडवी बसली. शाफ्टचं टोक तिनं रुमालानं पुसलं. जिथं बेअरिंग बसतं, नेमकं तिथलं पोलाद निळं पडलं होतं. बेअरिंगच्या घरात, म्हणजे ते बसतं त्या खोबणीत, तिनं बोट घातलं. बोटाला काजळीसारखा काळा चिकटा लागला, करपलेल्या तेलाचा वास आला.

"बेअरिंग कुठं सापडलं?"

"इथंच खाली पडलं होतं. मीच हवालदारांना दाखवलं."

"अपघातानंतर हॉलमध्ये कोण होतं?"

"सगळे मैनाताईंना घेऊन टेम्पोकडे धावले. मी मेन स्विच बंद करायला थांबलो. शेठही होते, इकडेतिकडे."

"आधी आवाज वगैरे?"

"अजिबात नाही. आला असता तर मी मशीन चालू ठेवलं असतं का?"

तेजलनं मुकादम लंकाबाईला बाजूला घेतलं. डोळे रडून सुजलेले, पण हात चालूच.

"लंकाबाई, ब्लोअर कुरकुरत होता?"

"गाण्यापुढं कशाचा आवाज येतोय, बाई?"

"गाणी नेहमी असतात?"

"कुठली! चार वरसं झाली, दोन शब्द बोललं तरी शेठ वसकन अंगावर यायचे. याच आठवड्यात देव पावला."

"स्पीकर शेठनी लावला?"

"त्यांनीच लावला असंल. हॉल त्यांचा, मशीन त्यांचं. मैनाला तर लय आवडलं." लंकाबाईनं पदर तोंडाशी नेला. मग स्पीकरकडं बघून कुरकुरली, "आता त्यो बी कालपासून खरखरतोय मेला. चांगलं काय टिकतच नाय."

खंडेराव शेठ ऑफिसात फोनवर ओरडत होते. तेजलला बघून त्यांनी फोन आपटला.

"मॅडम, माझा कंटेनर आज निघायला पाहिजे. काय विचारायचं ते पटकन विचारा."

"मशीन बंद करा, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणाची हिंमत? सीझनात बंद हा शब्द मला चालत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे ते."

"नवनाथला काल टेम्पोकडे पाठवायचा निरोप तुमचा?"

"मी कशाला पाठवतोय? माझा टेम्पो ठणठणीत आहे."

"आणि हॉलमधला स्पीकर?"

"ती प्रफुल्लची हौस. मला गाण्यांनी डोकं उठतं. पण म्हणाला, बायकांचे हात झपझप चालतात. म्हटलं, वाजव."

तेजल गर्रकन वळली. जवळजवळ पळतच हॉलकडे गेली.

"लंकाबाई! सगळ्यांना चहाला बाहेर काढा. लगेच. हातातलं टाका!"

"मॅडम, कंटेनर..." प्रफुल्ल दारातून म्हणाला.

"लगेच म्हटलं ना!"

बायका गोंधळून बाहेर पडल्या. तेजल स्पीकरजवळ भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सहादूलाही तिनं आत बोलावलं. खंडेराव तणतणत आले ते सरळ दुसऱ्या ब्लोअरखालून.

"शेठ, तिथं थांबू नका, इकडे या!" ती ओरडली. ते दचकून बाजूला झाले.

प्रफुल्लही आला. भिंतीच्या कडेकडेनं.

"मध्ये ओलं नाही, प्रफुल्ल," तेजल म्हणाली. "मघाशीही नव्हतं. खाई त्याला खवखवे. शेठ बिनघोर त्या पंख्याखालून आले, कारण त्यांना काही ठाऊक नाही. तुम्ही मात्र काही केल्या त्याच्याखाली जात नाही."

प्रफुल्ल हसायला गेला. त्याला ते जमलं नाही.

"हा काय प्रकार आहे?" खंडेराव म्हणाले.

"सांगते. शाफ्ट निळा पडलाय. पोलाद भाजून निघाल्याशिवाय निळं पडत नाही. मग त्याच शाफ्टवर घट्ट बसलेली बेअरिंगची कडी निळी कशी नाही? ती तर नुसती गंजलेली आहे. रात्रंदिवस फिरणारं बेअरिंग असं गंजत नाही, ते भंगारात पडून गंजतं. बेअरिंगच्या घरात जळलेलं ग्रीस आहे आणि बेअरिंग ठणठणीत कोरडं. म्हणजे टेबलावर आलेलं बेअरिंग या मशीनचं नाहीच. कुणीतरी बदललं, ग्रीस भरलं नव्हतं असं दिसावं म्हणून. सगळे मैनाला घेऊन धावले तेव्हा इथं दोघंच होते. तुम्ही आणि हे."

"मी नाही हां!" खंडेराव ओरडले.

"ऐका. बेअरिंग एकाएकी जात नाही. आधी गुणगुणतं, मग करकरतं, मग तापतं. आठवडाभर ते ओरडून सांगत होतं. ऐकलं फक्त एका माणसानं, आणि त्यानं मशीन बंद करायच्या ऐवजी स्पीकर आणला. चार वर्षांत जी गाणी नव्हती ती याच आठवड्यात आली. आवाज कानावर पडताच ओळखणारा माणूस म्हणजे नवनाथ. तो परत आला तर त्याला खोट्या निरोपावर फाटकातूनच मागं पिटाळलं."

"पुरावा आहे?" प्रफुल्लचा आवाज आता मऊ नव्हता.

"खरं बेअरिंग बाहेर नेता आलं नाही, फाटकावर हवालदार. आणि हा स्पीकर कालपासून खरखरतोय. सहादू, मागची फळी काढा."

सहादूनं स्क्रू फिरवले. फळी सुटली आणि फडक्यात गुंडाळलेलं जड काहीतरी फरशीवर खणकन पडलं. फडकं उलगडलं. तडकलेली कडी, गर्द निळी. तिच्या कडेला करपलेलं ग्रीस चिकटून होतं. नवनाथनं भरलेलं.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, प्रफुल्ल," तेजल म्हणाली आणि तिनं स्पीकरची पिन उपटली.

गाणं तुटलं. आणि मग सगळ्यांनाच ऐकू आलं. चालू ब्लोअरमधून एक बारीक करकर येत होती, दगडावर दगड घासावा तशी. खंडेरावांनी वर पाहिलं. आत्ता आपण त्याच्याच खालून आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते मटकन क्रेटवर बसले.

"कंटेनर जाईपर्यंत हा ब्लोअर टिकेल असं वाटलं होतं," प्रफुल्ल पुटपुटला. "माझा पहिलाच सीझन. बंद करू का, असं शेठना विचारायची हिंमत झाली नाही."

"विचारलं असतं तर मी..." खंडेरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपण काय म्हटलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"ते तुम्हालाही विचारणार आहे, शेठ. जबाबाच्या वेळी," तेजल म्हणाली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मैनाच्या आईजवळ रात्रभर बसणारा हा माणूस सकाळी येऊन पुन्हा त्याच मरणाखाली बायकांना बसवतो! तिनं भिंतीवरचा स्विच खाली ओढला. पातं मंद झालं, पण शेवटचा फेरा थांबेपर्यंत ते करकरतच राहिलं.

सहादूनं प्रफुल्लचा दंड धरला. तेजलनं ठाण्यात फोन लावला. "नवनाथला सोडा. आणि आपल्या गाडीनं नाशिकला दवाखान्यात पोचवा. हो, आत्ताच. साहेबांना मी सांगते."

फोन ठेवून ती वळली. दारात लंकाबाई उभी होती. हातातला चहा तसाच होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे ती गाणी आमच्यासाठी नव्हती?"

तेजलनं फरशीवरचं बेअरिंग फडक्यात गुंडाळलं.

लंकाबाईनं चहा तसाच खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, मैना शुद्धीवर आली ना, तर हे तिला कुणी सांगू नका. काल दुपारी तीच म्हणली होती, प्रफुल्लदादा, जरा आवाज वाढवा."